नोंद नसलेले शेअर

स्किप्टनच्या बाजारपेठेमागे एक पब आहे. तिथल्या मागच्या खोलीतलं लांब टेबल दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी राखून ठेवलेलं असे. पाच-सहा निवृत्त माणसं बिअरचा एकेक ग्लास पुढ्यात घेऊन लहान लहान कंपन्यांच्या शेअरांवर काथ्याकूट करीत बसायची. टोकाची खुर्ची डेस्मंड थॅकरेची. ती त्याला कुणी दिली नव्हती. तो दर वेळी पंधरा मिनिटं आधी येऊन बसायचा, म्हणून ती त्याची झाली होती.

डेस्मंडने एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही. शाळा सुटली, पण शिकवण्याची खोड काही सुटली नाही. त्यातून त्याचा हातखंडा विषय म्हणजे वारसाकर. तो निघाला की गडी रंगात यायचा.

"नीट ऐका," तो म्हणायचा, "लंडनमध्ये शेअरचे बाजार दोन. थोरला आणि धाकटा. धाकट्या बाजारात रोज शेअर विकले जातात, रोज पेपरात भाव छापून येतो. पण करखात्याच्या लेखी ते शेअर 'नोंद नसलेले'! पोरगी डोळ्यांसमोर नांदतेय आणि बाप म्हणतो, मला पोरगीच नाही. तर असे नोंद नसलेले शेअर दोन वर्षं सांभाळा आणि मग खुशाल मरा. त्यांच्यावर वारसाला एक पेनी कर नाही."

"आणि दोन वर्षांच्या आत मेले तर?" ब्रॉनवेन पिउ विचारायची. तिने हयातभर लोकरीचं दुकान चालवलं होतं, आणि विणता विणता ती सगळं ऐकत असे.

"तर तो तुझा हलगर्जीपणा."

टेबल हसायचं. सगळ्यात मोठ्याने हसायचा विल्फ होल्डस्वर्थ. विल्फ जनावरांचा डॉक्टर होता. अर्ध्या तालुक्यातल्या गाई त्याच्या हातून व्यायल्या होत्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तो आणि मुलगी हेस्टर. लोक सुट्टीवर गेले की त्यांची कुत्री हेस्टर सांभाळायची, घरामागच्याच आवारात. विल्फला एकच घोर होता. आपण गेल्यावर कर भरण्यासाठी पोरीला घर विकावं लागलं, तर घराबरोबर तिचा धंदाही जाईल.

म्हणून त्याने डेस्मंडचं ऐकलं. आयुष्यभराची पुंजी बँकेतून काढली आणि ऑल्डरशॉ पंप्समध्ये घातली. दुधाच्या डेअऱ्यांना पंप बनवणारी ही लहानशी कंपनी वीस मैलांवरच होती, आणि तिचे पंप विल्फने गोठ्यागोठ्यांत पाहिलेले होते. दोन वर्षं पुरी झाली त्या मंगळवारी त्याने सगळ्यांना डुकराच्या मांसाचं सारण भरलेली पाई खाऊ घातली.

"आता मरायला मोकळा झालो बघ," तो डेस्मंडला म्हणाला.

"घाई नाही. पुढच्या महिन्याची पाई कोण देणार?"

पुढच्या वसंतात कंपनीने भागधारकांची सभा बोलावली. धंदा वाढला होता. धाकट्या बाजारातून उठून थोरल्या बाजारात जाऊन बसायचं, असा ठराव होता. विल्फचा गुडघा दुखत होता, तरी तो आला. मात्र मताचा कागद त्याने सही करून डेस्मंडच्या हाती दिला. "तुला योग्य वाटेल तिथे खूण कर," म्हणाला.

सभेत डेस्मंड उठून उभा राहिला. भाषण करायचं त्याच्या मनात नव्हतं, असं तो पुढे स्वतःला सांगत असे. ते खोटं आहे. भाषणाचा कागद त्याच्या खिशात होता. ही कंपनी आता मोठी झाली, तिने धाकट्यांच्या पंगतीत किती दिवस बसायचं, तिला तिचा मान मिळालाच पाहिजे, असं तो बोलला. टाळ्या पडल्या. खुद्द अध्यक्षांनी मंचावरून त्याचे आभार मानले. डेस्मंडच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शाळेत एकतीस वर्षांत त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

सँडविच खाऊन दोघं गाडीकडे निघाले, तेव्हा विल्फने विचारलं, "अरे, थोरल्या बाजारात गेल्यावर ते आपलं कराचं तसंच राहतं ना?"

डेस्मंडला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हणायला अर्धा क्षण पुरला असता. पण टाळ्यांचा आवाज अजून कानात होता.

"विल्फ, कंपनी तीच, पंप तेच. बदलणार काय, डोंबल?"

विल्फने मान हलवली आणि गाडीत बसला.

ब्रॉनवेनचा फोन आला तेव्हा थोरल्या बाजाराच्या तारखेला अकरा दिवस राहिले होते. "बाजार बदलण्याबद्दल कंपनीचं माहितीपुस्तक आलंय, वाचलंस? पान एक्केचाळीस, अगदी खाली."

त्याने पुस्तक आणलं. पहिल्या दहा पानांवर त्याच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. एक्केचाळिसाव्या पानावर एकही खूण नव्हती. तिथे खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की थोरल्या बाजारात जाण्याच्या दिवसापासून हे शेअर नोंद असलेले धरले जातील आणि वारसाकराची सवलत उरणार नाही.

नोंद असलेले! जो शब्द दर मंगळवारी टेबलावर आपटून दाखवला, तोच त्याच्या लक्षात आला नव्हता. कंपनीला मान मिळवून देताना त्याने तिची नोंद करून टाकली होती. विल्फच्या मतानिशी.

"आहेस ना रे?" फोनवर ब्रॉनवेन म्हणाली. "अजून वेळ आहे. तारखेआधी शेअर विकून पैसे लगेच धाकट्या बाजारातल्या दुसऱ्या कंपनीत घातले, तर मागची वर्षंही धरली जातात. तूच शिकवलंयस. विल्फला सांगशील ना?"

"मंगळवारी सांगतो."

"आजच सांग की."

"मंगळवारी सांगतो म्हटलं ना!"

मंगळवारी विल्फ त्याच्याआधी येऊन बसला होता. असं कधी झालं नव्हतं. डेस्मंडच्या खुर्चीपुढे त्याने बिअरही आणून ठेवली होती.

"या, वक्ते," तो म्हणाला. "मग? आपल्या पंपांचं काय नवीन?"

डेस्मंडने ग्लास उचलला. वाक्य तोंडात तयार होतं: विल्फ, माझं चुकलं. एवढंच तर होतं. पण ब्रॉनवेन विणायची थांबली होती. बाकीचे दोघं त्याच्याकडे बघत होते. सभेतल्या भाषणाची गोष्ट आताच कुणीतरी सांगितली असावी, कारण चेहऱ्यांवर कौतुक होतं.

"नवीन काही नाही," तो म्हणाला. "झकास चाललंय."

विल्फ त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग कुणाच्या तरी म्हशीएवढ्या मोठ्या कुत्र्याची गोष्ट त्याने काढली आणि टेबल हसलं.

तारीख निघून गेली. आता सांगून काय होणार, अशी डेस्मंडने स्वतःची समजूत घातली. आपण स्वतःचेही शेअर विकले नाहीत, म्हणजे मित्राबरोबर आपणही बुडालो, असाही एक हिशेब त्याने मनाशी मांडला. त्याला मागे ना मूल ना बाळ. त्याच्या बुडण्याने कुणाचं काय बुडणार होतं? पण लाज झाकायला त्याला तेवढंही फडकं पुरलं. ब्रॉनवेनने त्याला पुन्हा काही विचारलं नाही. ती त्याच्याकडे बघायला लागली की तो पाई कापत बसे.

सात महिन्यांनी विल्फ गेला. सकाळी कुत्र्यांना खायला घालताना आवारातच कोसळला.

विल्फला चर्चमध्ये निरोप देऊन आल्यावर पंधरा दिवस डेस्मंड घराबाहेर पडला नाही. मधल्या मंगळवारी तो पबातही गेला नाही. सोळाव्या दिवशी दुपारी दार वाजलं. हेस्टर होती. काखेत बापाची फाईल, कोटावर कुत्र्यांचे केस.

"अंकल, कराचा अर्ज भरायचाय. बाबा म्हणाले होते, काही झालं तर डेस्मंडकडे जा, त्याला सगळं ठाऊक आहे."

डेस्मंडने तिला बसवलं. चहा केला. कप तिच्या हाती देताना त्याला कळलं की आता आणखी एक मिनिटही हे ओढता येणार नाही.

"हेस्टर, फाईल उघडू नकोस. आधी ऐक. तुझं घर जाणार असेल तर ते माझ्यामुळे. ते शेअर... त्यांच्यावर आता कर लागतो. मी उभा राहून भाषण ठोकलं, तुझ्या बापाचं मत मी दिलं. आणि मग कळल्यावर सांगायला अकरा दिवस होते. मी सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून. बाकी काही कारण नाही." त्याने खणातून कोरा कागद काढला. "माझं घर विक. मी लिहून देतो. हे घर तुझं."

हेस्टरने कप खाली ठेवला. तिने फाईल उघडली आणि वरचाच कागद त्याच्यापुढे सरकवला. ऑल्डरशॉ पंप्सचे सगळे शेअर विकल्याची पावती होती. खालचा कागद त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचे घेतल्याचा. धाकट्या बाजारातल्या. तारीख सोमवारची होती, डेस्मंडने 'झकास चाललंय' म्हटलं त्या मंगळवारच्या आदल्या दिवसाची.

"ब्रॉनवेनबाईंनी बाबांना फोन केला होता," ती म्हणाली. "घराला काही होत नाही, अंकल."

डेस्मंड तारखेवर बोट ठेवून बसला. सोमवार. म्हणजे मंगळवारी विल्फला सगळं ठाऊक होतं. लवकर आला होता तो. बिअर आणून ठेवली होती. काय नवीन, म्हणून विचारलं होतं.

"तो... घरी आल्यावर काही म्हणाला?"

हेस्टरने कोटावरचा एक केस उचलून बाजूला टाकला. तिला खोटं बोलता येत नसावं, बापासारखंच.

"जाताना म्हणाले होते, आज डेस्मंड स्वतःहून सांगेल बघ. त्याला सोपं जावं म्हणून मी लवकर जातो." तिने कप बशीसकट बाजूला सरकवला. "परत आले ते थेट कुत्र्यांकडे गेले. जेवताना एवढंच म्हणाले, नाही सांगितलं गं त्याने. आणि मला बजावलं, त्याला कधी कळू देऊ नकोस, बिचारा शरमेने मरेल."

तिने अर्ज काढला आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं. डेस्मंडने चष्मा लावला. पहिल्या ओळीत मृताचं पूर्ण नाव लिहायचं होतं. ते लिहायला त्याला फार वेळ लागला.