उघड डोळे, गेलं भूत

मंडळी, आज फार दमलेय. लेक ऑफिसला, नातीच्या शाळेला सुट्टी, त्यात माझे गुडघे. दुपारी इथे परदेशात, कॅरी गावातल्या घरी टीव्ही लावला, तर जुना ब्रिटिश भुतांचा पिक्चर! एकात चार गोष्टी, मध्येच बँड वाजतो आणि रबरी मुखवटे घातलेली भुतं नाचतात.

लग्नानंतर पुण्यात ह्यांच्याबरोबर हाच पाहिला होता. मी डोळे गच्च मिटून कॉन्व्हेंटमधली प्रार्थना पुटपुटत होते. हे म्हणाले, "उघड डोळे, गेलं भूत." उघडले, तर भूत समोरच! पुढे प्रत्येक भुताच्या पिक्चरला मी अशीच फसले.

आजही भूत आलं आणि सवयीने डोळे मिटले. आता सांगणारं कोणी नाही, म्हणून तशीच बसून राहिले. उघडायचाही कंटाळा आला होता.

"आजी, ओपन युअर आईज. ही इज गॉन," नात म्हणाली.

उघडले, तर भूत समोरच! आणि कार्टी पोट धरून हसतेय.

हे गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मग तिला हे शिकवलं कोणी? तुमच्याकडेही होतं का हो असं?

पुढचं भूत आलं, तेव्हा मी मुद्दाम डोळे मिटले.