तेलाआधी अंघोळ

सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या रघुपतींना तेलातलं सगळं कळत असे. त्यांच्या स्वतःच्या तळहातांना इसब होता, हात सुरणाच्या सालीसारखे खरखरीत झाले होते, ही बाब त्या ज्ञानाच्या आड कधी आली नाही.

आड आली ती नात. पाच महिन्यांच्या संहिताला त्यांनी उचललं की ती भोकाड पसरायची. गालावर लाल ओरखडा उठायचा. लेक लगेच बाळ काढून घेई. ते रघुपतींच्या फार जिव्हारी लागे.

मग मोहीम सुरू झाली. खोबरेल झालं, तिळाचं झालं, करंजाचं झालं. कोरमंगलात कसलीशी स्टार्टअप काढलेला पुतण्या अपूर्व लॅव्हेंडरच्या वासाची बाटली देऊन गेला. बाटलीवर शेत, शेतकरीण, गाय, सगळं होतं. फक्त आत गुण नव्हता. हात आणखी चिडले.

"स्वल्प थांबा काका, आधी विष बाहेर पडतं," अपूर्व म्हणाला. विष दोन आठवडे पडत होतं.

शेवटी वसुमतीबाईंनी नवऱ्याला शहरातल्याच शिवाजीनगरच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तेल लावता कसं?"

रघुपती खुलले. घराण्याची चारशे वर्षांची रीत ती. अंघोळीआधी तेल जिरवायचं, मग कढत पाण्यानं, शिकेकाई लावून असं घासायचं की ओशटपणा नावाला उरू नये. तेलकट अंगानं न्हाणीतून बाहेर येणं आमच्यात चालत नाही, हेही त्यांनी बजावलं.

"सरी, बरं तर," बाई कानडी वळणानं म्हणाल्या. "म्हणजे तेल गटाराला लावता."

त्यांनी मलम लिहून दिलं. शिवाय कोमट पाणी, शिकेकाई बंद आणि अंघोळीनंतर ओलसर हातांवर घरातलंच साधं खोबरेल.

"मी लग्नापासून तसंच लावते," परतताना रिक्षात वसुमतीबाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

महिन्याभरानं संहिता आजोबांच्या तळहातावर गाल टेकून झोपली. रघुपतींचा हात बधिर झाला, डोळे भरून आले, पण ते तसूभर हलले नाहीत. तेवढ्यात अपूर्व नवी बाटली घेऊन दारात उभा.

"हळू बोल," रघुपती कुजबुजले. "आणि तेल अंघोळीनंतर लावायचं असतं. आपल्या घराण्याची चारशे वर्षांची रीत आहे ती."