सासूबाईंचं काळं बोट

आमच्या सासूबाई कपडे रंगवून देतात. हातमोजे घाला म्हटलं की विचारतात, "मग कापडाने रंग धरला का नाही, ते कळणार कसं?" त्यामुळे त्यांची बोटं बारा महिने रंगलेली. नवीन पाहुणे त्यांच्या हातचा चहा घेताना जरा दचकतातच.

याच बोटांनी मागच्या संसदेच्या निवडणुकीत घात केला. "शाई लागलीय, तुमचं मत देऊन झालंय," म्हणून त्यांना केंद्रावरून परत पाठवलं. कितीतरी दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. यंदा त्यांनी आठवडाभर आधीच काम बंद ठेवलं आणि लिंबाने बोटं घासघासून स्वच्छ केली. आणि नेमक्या मतदानाच्या सकाळी शेजारीण काळी पँट घेऊन दारात हजर. लेक उद्यापासून नोकरीवर जाणार होती, आणि पँट पार विटलेली.

"आई, आजच्या दिवस नाही म्हणा," मी हात जोडले.

"पोरीचा पहिला दिवस आहे गं," म्हणाल्या, आणि बादलीत हात घातलासुद्धा.

केंद्रावर व्हायचं तेच झालं. अधिकाऱ्याने बोट पाहून मान हलवली. एरवी मला एक शब्द बोलू न देणाऱ्या सासूबाई बोट पदरात लपवून मागे वळल्या. मला ते बघवेना; मी भांडायला कंबर कसली. तेवढ्यात रांगेतला बसचालक म्हणाला, "साहेब, हा माझा शर्ट त्यांनीच रंगवलाय." मागून एकीने ओढणी उंच धरली, एका आजोबांनी टोपी काढून दाखवली.

अधिकारी भला माणूस. त्याने ओल्या कापसाने बोट चोळलं, तर कापूस काळा झाला. "आमची शाई अशी सुटत नाही. या, मावशी," तो म्हणाला. त्याचे आणि त्या रांगेचे उपकार मी विसरणार नाही. सासूबाई मात्र घरी येईपर्यंत कुरकुरत होत्या, की लावलेली शाई काळ्या बोटावर दिसतच नाही.

निकालाच्या दिवशी टीव्हीवर सांगितलं, यंदा मतदान वाढलं.

"वाढणारच. मी गेले होते ना!"

त्यांचा उमेदवार मात्र सपाटून आपटला, डिपॉझिटही गेलं. मी बिचकतच त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीपाशी बोट उजेडात धरून बसल्या होत्या. बोटावरचा पँटचा काळा रंग केव्हाच धुऊन गेला होता. नखावर शाईची रेघ तेवढी होती.

"बघ गं," त्या म्हणाल्या, "याला म्हणतात पक्का रंग. मला नाही जमला बाई आजवर."