एक्क्याण्णव चकत्यांचं तेल

व्हर्लीन टब्जनं शिकागोतल्या विजेच्या ऑर्गनच्या कारखान्यात चोवीस वर्षं काढली. तोंड फटकळ, मुकादमालाही चूक तोंडावर सांगायची, त्यामुळे बढती काही मिळाली नाही. निवृत्तीनंतर ती चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करू लागली.

त्या गुरुवारी हॅल्स्टेड रस्त्याजवळच्या एका लहान चर्चमधून बोलावणं आलं. पास्टर गेदर म्हणाले, "सिस्टर, रविवारपर्यंत चालू झाला तर बरं. नाहीतर सोमवारी हा भंगारात आणि नवा आत."

पहिल्या बाकावर चर्चच्या मदर, म्हणजे मंडळींतल्या सगळ्यांत मानाच्या वडीलधाऱ्या बाई, ओझेला पिकन्स, बसून होत्या. वय चौऱ्याऐंशी. त्यांचा मुलगा ल्युशस तीस वर्षं हाच ऑर्गन वाजवायचा, व्हर्लीननंही त्याला ऐकलं होतं; तो जाऊन दोन वर्षं झाली होती. आता पोराचं म्हणून एवढंच उरलं होतं.

व्हर्लीननं मागची फळी काढली आणि तिला ऑलिव्हच्या तेलाचा वास आला. आत एक्क्याण्णव पोलादी चकत्या असतात. वरच्या दोन कपांत पातळ तेल घालायचं. ते सुती दोऱ्यांवरून झिरपत प्रत्येक चकतीच्या आसापर्यंत पोचतं. इथे दोरे डिंकासारखे चिकटले होते. चर्चमध्ये असं तेल मंतरून आजाऱ्याच्या कपाळाला लावतात, आणि ती बाटली मदरकडे असते. ते इथे कुणी ओतलं असेल, हे विचारायची गरज नव्हती.

शनिवार सकाळपर्यंत ती एकेक दोरा, एकेक आस धूत बसली. शनिवारी दुपारी मोटर लावली आणि चकत्या घरघरत फिरू लागल्या. प्रत्येकीची कड दातेरी, वेग वेगळा, समोर तारेचं वेटोळं घातलेलं चुंबक. दाते सरकतात तशी तारेतली वीज थरथरते आणि त्या थरथरीचाच सूर होतो. व्हर्लीननं पायानं वाजवायची खर्जाची पट्टी दाबली. बाक हादरला.

मदर काठी टेकत आल्या. लाकडावर हात ठेवून रडल्या. "काय झालं होतं गं याला?"

"वय झालं, मदर, दुसरं काय!" पास्टर घाईनं म्हणाले.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. व्हर्लीननं हात पुसले.

"वय नाही, मदर. तुमचं तेल."

पास्टर उगीचच खोकले.

"दर शनिवारी थेंबभर घालत होते," मदर पुटपुटल्या. "बंद पडू नये म्हणून. म्हणजे मीच गळा घोटला त्याचा?"

"बाटली चुकली, एवढंच. ल्युशस गेल्यावर याला तेल लागतं हे आणखी कुणाला आठवलं? यांना?"

पास्टर छताकडे पाहू लागले. व्हर्लीननं मशीनच्या तेलाचा डबा मदरच्या हातात दिला. "वर्षातून एकदा. चमचा चमचा, दोन्ही कपांत."

मदरनी तो पास्टरांपुढे धरला. "बघतोस काय नुसता? प्रार्थना कर यावर!"

प्रार्थना झाली. मदरनी तेल ओतलं, ऑर्गनच्या बाकावर बसल्या आणि शेजारी जागा केली.

"बस इथे. ल्युशसला ऐकलं होतंस ना तू?"

"पुष्कळदा."

"मग कुठे चुकायचा ते सांग. तो गेल्यापासून सगळे त्याला देवदूत करून बसलेत. माझा पोरगा मला कुणी दाखवतच नाही गं."

व्हर्लीन शेजारी बसली. "डावा पाय फार जड, मदर. नुसता धोपटायचा."

"अगदी बापावर गेला होता मेला!" मदर म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी व्हर्लीनचा हात घट्ट धरला. "अजून सांग."