मलाही झालं होतं

हे नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. परवापासून स्वतःचा इतका राग येतोय की हातातलं काम सुचत नाही — आणि माझं काम कधी अडत नाही.

घरात कुणाचंही बाळंतपण असो, डिंकाच्या लाडवांपासून बारशापर्यंत सगळं माझ्याकडे. धाकटी जाऊ वसुधा बाळंत झाली तेव्हाही. आमच्या दाना ओली मोहल्ल्यातले सगळे नातेवाईक जमणार, पाळणा सजवायचा, घुगऱ्या भिजवायच्या — आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. "वहिनी, मला घबराहट होते. ही मुलगी माझी वाटतच नाही हो." डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "मन के डॉक्टर को दिखाइए, देर मत कीजिए."

बारशाच्या तोंडावर? चारचौघांत बोभाटा करून?

मी तिला म्हटलं, "अगं, मलाही झालं होतं. आपोआप जातं. अनुभवाने सांगते."

मला काहीही झालं नव्हतं. दोन्ही मुलांच्या वेळी मी ठणठणीत होते.

अनुभव म्हणजे वेगळं ज्ञान असतं का? डॉक्टरचं म्हणणं दुसऱ्या डॉक्टरकडे पडताळता येतं. "मी भोगलंय" म्हटलं, की कोण पडताळणार? म्हणूनच ते वापरलं — थंड डोक्याने. वसुधाने डॉक्टरचं नावच सोडलं. बारसं छान झालं. फोटोत ती हसलीसुद्धा. पुढे कितीतरी काळ मात्र ती भिंतीकडेच बघत राहिली.

परवा थाटीपुरला, तिच्या आताच्या घरी गेले. तीच मुलगी आता बाळंतपणाला आलीय, बाळ झालंय — आणि तशीच, भिंतीकडे तोंड. वसुधा म्हणाली, "वहिनी, तुम्हीच समजवा हिला. तुम्ही निभावलंत. मीच कच्ची निघाले."

कच्ची! इतकी वर्षं ही बाई माझ्या खोट्याशी स्वतःला मापत होती?

"डॉक्टरकडे ने हिला. आजच," मी म्हटलं.

"मग माझ्या वेळी?"

"तेव्हा कुठे कुणाला कळत होतं गं."

तिने मान डोलावली, चहा टाकायला आत गेली.

कळत होतं. डॉक्टरीणबाईंना कळत होतं. त्यांच्याही आधी वसुधाला — माझा हात धरून तीच तर सांगत होती. त्या घरात तिच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाच मी गप्प केलं. आणि परवा, पुन्हा.