मधल्या गावातला मुक्काम

मुकादमाने जन्मभर लोकांची घरं हलवली. कपाटं, पलंग, शिलाई मशिनं, सगळं त्याच्या खांद्यावरून जिने चढलं आणि उतरलं. स्वतः मात्र तो घराबाहेर पडला निवृत्तीनंतर, तोही एकदम परदेशी. बेत मुलीने आखून दिला होता: आगगाडीने एकेक शहर बघत जायचं आणि शेवटी बायकोच्या थोरल्या बहिणीच्या घरी उतरायचं. बहीण लग्नानंतर तिकडेच स्थायिक झालेली. दोघींची वर्षानुवर्षं भेट नव्हती, आणि या वयात पुन्हा योग येईल याची खात्रीही नव्हती. बायको निघाली होती ती बहिणीसाठी. वाटेतली शहरं तिच्या लेखी वरकड.

मुकादमाने सहलही कामासारखी अंगावर घेतली. झुंजूमुंजू होताच उठायचं, ठरलेलं सगळं बघून होईस्तोवर बूड टेकायचं नाही. "इथवर काय लोळायला आलोय?" हे त्याचं पालुपद. कामावर असताना त्याचाच नियम होता: ओझं दम संपायच्या आधी टेकवायचं, दम संपल्यावर टेकवलेलं पुन्हा उचलवत नाही. पण बघणं म्हणजे कुठे ओझं? डोळे उघडे ठेवायला कसली मेहनत, असं त्याला वाटे.

सुरुवातीला बायको वळणावळणावर बोलायची. "अहो, या पुलाचा कठडा केवढा बुटका! पोरंबाळं पडत नसतील?" पुढे पुढे हे आटलं. राजवाडा बघून "छान." बाग बघून "छान." एका मुक्कामी तिने बॅगच उघडली नाही. "उघडून काय करू? उद्या परत भरायचीच," म्हणाली आणि बुटांसकट आडवी झाली. मुकादमाला वाटलं, झोप झाली की येईल ताळ्यावर.

मग एका मधल्याच गावी गाडी बदलायची होती. ती फलाटावरच्या बाकावर बसली. गाडी आली तरी बसूनच.

"चल, गाडी लागली."

"तुम्ही जा."

"कुठे?"

"जा कुठेही. मला घरी जायचंय."

"आणि ताई?"

"तिला सांगा, तब्येत बिघडली."

"बिघडलीय का?"

"नाही हो! मला आता काही बघायचं नाही. तिचं तोंडसुद्धा नाही." बोलून गेली आणि स्वतःच चपापली. पदराने डोळे पुसू लागली.

गाडी निघून गेली. मुकादम शेजारी बसला. अशी माणसं त्याने पाहिली होती. पाठीवर फ्रिज घेऊन निम्म्या जिन्यात थिजलेला गडी, ना वर जाववत ना खाली. त्याच्यावर ओरडलं की गडी आणि फ्रिज दोन्ही खाली येतात. तिथल्या तिथे, परक्याच्या दारात का होईना, ओझं उतरवून घ्यावं लागतं. हे ओझं आपणच लादलं, हे त्याला त्या बाकावर कळलं.

स्टेशनाजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर खोली मिळाली. दोन खाटा, एक शेगडी. बायको झोपली ती झोपलीच. मुकादमाने कपडे धुऊन खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातले. मुलीचा फोन आला.

"बाबा, असं मध्येच कसं थांबलात? तुम्हाला बंदरातल्या क्रेन बघायच्या होत्या ना?"

"होत्या."

"मग?"

"राहिल्या." हमालांच्या सगळ्या जुन्या टोळीला तो क्रेनबद्दल सांगून आला होता. आता तो विषय बंद.

दुसऱ्या दिवशी बटाटे सोलताना बायकोने एवढंच विचारलं, "घरी कधी निघायचं?" मुकादम खाली रस्त्यावर गेला आणि मेहुणीला फोन लावला. खरं ते सांगितलं.

"भावोजी, ती तर मला म्हणाली मजेत आहे! रोज काय काय बघते म्हणे."

"मजेत नाही. मी तिला फार पळवलं, ताई."

"मग मीच येते."

"तुमचे गुडघे?"

"गाडीत बसायला गुडघे कशाला लागतात? जिन्याला तुम्ही आहात की. घरचा हमाल!"

वर येऊन त्याने हे सांगितलं, तशी बायको भडकली. "कुणी सांगितला होता आगाऊपणा? फोनवर एवढ्या फुशारक्या मारल्यात मी! आता येऊन बघेल, धाकटी बसलीय अंथरुणात, केस विस्कटलेले!" पण बोलता बोलता उठली आणि चादर झटकू लागली.

ताई दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मुकादमाने तिला दर चार पायऱ्यांवर थांबवत वर आणलं.

"अहो, मी दमले नाहीये अजून," ती म्हणाली.

"म्हणूनच थांबा."

दारात बायको उभी होती, वेणी घालून.

"किती वाळलीस गं!"

"आणि तू सगळं माझ्या वाट्याचं खाल्लंस वाटतं?"

मग दोघींनी एकमेकींना धरलं. मुकादम पिशवी ठेवायला जागा शोधत राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "उद्या जवळपास कुठे—"

"कुठेही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

आठवडाभर तिघं त्या खोलीत राहिली. मुकादम जमिनीवर निजला. गावात बघण्यासारखं काय होतं, ते कुणी विचारलंही नाही. मग ताईला तिच्या गाडीत बसवून दोघं थेट घरी परतली. ताईचं घर बघायचं राहिलं.

मुलीने विचारलं, "आई, काय काय पाहिलंस?"

"तुझी मावशी घोरते कशी, आधी ते ऐक," आई म्हणाली आणि मांडी ठोकून बसली.