काढून ठेवलेले पाटे

बाबा न्हाणीत पडले तेव्हा मी रोह्याला शाळेत वर्गावर होते. हाड मोडलं नाही, पण शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत ते ओल्या फरशीवर तसेच पडून होते. आई गेल्यापासून पेणच्या घरात ते एकटेच राहत. मी धावत आले, त्यांची पाठ शेकून दिली आणि सांगितलं, आता पुरे झालं, माझ्याकडे रोह्याला चला.

"नाय," बाबा म्हणाले.

मी समजावलं, चिडले, स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडलेसुद्धा. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून ते म्हणाले, "येतो. पण कुणाच्या मोटारीत गाठोड्यासारखा बसून नाय. मला कुणी नेलेलं चालायचं नाय. माझी गाडी चालू कर, तिच्यातून येतो."

त्यांची गाडी म्हणजे अंगणात शेवग्याखाली उभा असलेला जुना निळा पिकअप. बाबांनी जन्मभर त्यातून गणपती पोचवले. पेणच्या कारखान्यांत मूर्ती भरायच्या आणि नागोठणे, रोहा, पार माणगावपर्यंत न्यायच्या. बाकीचं वर्ष भात, विटा, लग्नाची भांडी. डोळे अधू झाले तसा त्यांनी पिकअप उभा केला, तो उभाच राहिला. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या, वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. अट पुरी होऊच नये म्हणून त्यांनी ती घातली होती, हे मला कळत होतं. पण मीही त्यांचीच मुलगी. म्हटलं, बघतेच आता.

वडखळ नाक्यावरचा एक मेकॅनिक रविवारी घरी येऊन काम करायला तयार झाला. बॉनेट उघडून त्याने कुरतडलेल्या वायरी बोटाने उचलून पाहिल्या. "बाई, ह्याला दुरुस्ती नाय म्हणत," तो म्हणाला, "ह्याला बारसं म्हणतात." तरी त्याने बाह्या सरसावल्या. दर रविवारी सकाळच्या गाडीने मी पेणला यायचे, बाबांना न्याहारी करून घालायचे आणि आईचा जुना गाऊन चढवून अंगणात उतरायचे. डिझेलची टाकी काढून धुतली तेव्हा तिच्यातून गंजाचा नुसता चिखल निघाला. ब्रेकचे पाइप नवे घातले. पायाखालचा पत्रा इतका सडला होता की त्यातून खाली उगवलेली तुळस दिसायची. तो कापून नवा जोडला. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरून ती घासता घासता माझी बोटं सोलली. सोमवारी फळ्यावर लिहिताना खडू टोचायचा आणि मी मनातल्या मनात बाबांचा उद्धार करायचे.

बाबा ओटीवर खाटेवर बसून सगळं पाहत. खाली उतरत नसत. मधूनच एखादा शेरा मारत. शेजारच्या मूर्तीच्या कारखान्यातून कॉम्प्रेसर आणला, तिथल्याच रंगाऱ्याने गाडीला निळा रंग मारला आणि हौसेने दिव्यांच्या कडा मुकुटाच्या सोनेरी रंगाने काढल्या. त्यावर बाबा म्हणाले, "आता दुर्वा पण वाहा." पण तोंडावर हसू होतं. ते हसू मला कितीतरी दिवसांनी दिसलं होतं.

मग माझ्या हातून घोळ झाला. भाताच्या कणगीमागे मला लोखंडी पट्ट्या सापडल्या, मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे. मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं, तर दोन्ही बाजूंना दोन दोन पाटे कमीच होते. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याने कधीतरी काढले आणि बसवायचा आळस केला. बाबा डोळे तपासायला गेले होते, तेवढ्यात आम्ही पाटे घासून, काळा रंग देऊन बसवून टाकले. गाडी आता कंपनीतून आली तशी पुरी झाली, म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

पासिंग झालं. पहिला फेरा बाबांना घेऊन मारायचा ठरलं. शेजारणीने नारळ फोडला, मेकॅनिकने चाकांखाली लिंबं ठेवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, लाज सोडून. मी चालवायला बसले, बाबा शेजारी, आणि गल्लीच्या टोकाला जाऊन आम्ही परत आलो. बाबा दारात उतरले, काठी टेकत ओटीवर गेले आणि म्हणाले, "ही कुणाची गाडी आणलीस?"

"तुमचीच आहे!"

"नाय. माझी गाडी अशी आपटत नाय. मी नाय येत जा."

माझं डोकंच फिरलं. एवढे रविवार, एवढी सोललेली बोटं, आणि ह्यांना येऊ नये म्हणून निमित्तच हवं होतं! मी वाट्टेल ते बोलले. परत पडाल, कुणाला कळणारही नाही, असंसुद्धा बोलले. बाबांनी हळूच विचारलं, "कणगीमागचे पाटे घातलेस काय गो?"

मी मान डोलावली.

"ते मीच काढले होते. पुरे पाटे घातले की गाडी घट्ट होते, आपटते. शाडूची मूर्ती तिच्यात नाय टिकत. पहिल्याच वर्षी एका घरचा गणपती रोह्याला नेऊन उतरवला, तर मानेला तडा. त्या घरातली म्हातारी काय नाय बोलली, नुसती बघत राहिली. घरी आलो नि त्याच दिवशी पाटे काढले. ओझं कमी भरलं, फेरे जास्त मारले. पण परत तडा नाय."

तेव्हा मला लहानपणच्या फेऱ्या आठवल्या. मागे पेंढ्यात मूर्ती, तिच्या तोंडावर फडकं, पुढे मी आणि बाबा. मूर्ती गाडीत असली की ते चपला काढून सीटखाली सारत आणि अनवाणी पायांनी गाडी चालवत. हॉर्न वाजवायचा नाही. मागचे लोक शिव्या घालत, तर म्हणत, "घाई त्यांना हाय, देवाला नाय." हे सगळं मला ठाऊक होतं. पाटे तेवढे कधी दिसले नव्हते.

पुढच्या रविवारी मेकॅनिकने कपाळाला हात लावला आणि पुन्हा जॅक लावला. बाबा पहिल्यांदा ओटीवरून खाली उतरले. चाकाशी स्टूल टाकून बसले आणि कुठले पाटे काढायचे, कुठले ठेवायचे ते बोट लावून सांगू लागले. संध्याकाळी आम्ही परत फेरा मारला. ते उतरले आणि म्हणाले, "खाट दोरीने बांध. पेंढा घाल खाली."

"फुटण्यासारखं काय आहे त्यात?"

"घाल म्हटलं ना."

त्याच्या पुढच्या रविवारी निघालो. मागे खाट, आईची ट्रंक, पितळेची भांडी, खाली पेंढा. बाबांनी कुलूप स्वतः लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. वडखळपर्यंत त्यांचं सुरू होतं, डावीकडून घे, खड्डा बघ, क्लचवरचा पाय काढ. कासू गावाच्या आधी ते बोलायचे थांबले. बघते तर डोळे मिटलेले, डोकं काचेला टेकलेलं, आणि गाडी जराशी हलली की त्यांची बारीक मान हिंदकळत होती. ह्याच माणसाला मी रागाच्या भरात काय काय बोलले होते. मी गाडी कडेला घेतली, त्यांच्या मानेमागे माझी शाल घडी करून सरकवली आणि पुढे निघाले, अगदी सावकाश. मागून ट्रक बोंबलत होते. मी त्यांना बोंबलू दिलं.

रोह्याला कुंडलिकेच्या पुलाजवळ आलो तेव्हा बाबा म्हणाले, "कासूपासून एकदा पण हॉर्न नाय मारलास."

म्हणजे ते जागेच होते. त्यांनी खाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

"चपला कुठं हायत गो?"

"सीटखाली."

त्यांनी मागच्या काचेतून पाहिलं. खाट, ट्रंक, भांडी. "मागं काय मूर्ती हाय?"

"मागे नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी शाल मानेमागे नीट ओढून घेतली आणि डोकं परत टेकवलं.

"हळू ने," बाबा म्हणाले. "पुलाच्या तोंडाशी खड्डा हाय."